बारा पॉइंट एकेचाळीस

बीप वाजली तेव्हा जनाई अजून रेषेच्या अलीकडे होती.

निदान मला तसं वाटलं. मी रेषेपासून दोन हातांवर लोखंडी खुर्ची टाकून बसले होते आणि मांडीवर आकडे दाखवणारी पेटी होती. पेटीवरची नजर हलवायची नाही हा नियम मीच केलेला. पण डोळ्याच्या कोपऱ्यात तिचा निळा टी-शर्ट दिसत होता, आणि आवाज आधी झाला, टी-शर्ट नंतर आला. किती नंतर, ते मला कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

"किती?" खेळाचे पिसे सर माझ्या खांद्यावरून वाकले.

पेटीवर १२.४१ होते.

सरांनी हातातलं स्टॉपवॉच पाहिलं. "माझ्यात बारा पन्नास. हाताचं आहे, तेवढं इकडंतिकडं व्हायचंच." जनाई बनगर पुढं जाऊन वळली, कमरेवर हात ठेवून धापा टाकत आमच्याकडं बघत राहिली. आजवरची तिची सगळ्यात चांगली वेळ तेरा पॉइंट दोन होती, म्हणजे तेरा सेकंदांच्या वर. बारा एकेचाळीस ही वेळ आमच्या तालुक्यात कुठल्या मुलीनं दिलेली सरांना आठवत नव्हती.

शंभर मीटर लांब, सुरुवातीच्या रेषेजवळ रेहाना मुलाणी उभी होती. हातातलं झेंड्याचं फडकं तिथंच टाकून ती आमच्याकडं पळत आली. दोघी अकरावीत, एकाच बाकावर बसणाऱ्या. एक पळायची तेव्हा दुसरी झेंडा खाली करून बटन दाबायची, की इकडं पेटीतलं घड्याळ सुरू व्हायचं.

"किती आली?"

सरांनी आकडा सांगितला. रेहाना जागच्या जागी थांबली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. मला वाटलं, हिला वाईट वाटलं. साहजिक होतं, पाच-सहा मिनिटांपूर्वी ती स्वतः बारा सत्त्याहत्तरमध्ये पळाली होती आणि तोवर तीच शाळेतली सगळ्यात वेगवान मुलगी होती. मग तिनं जनाईला मिठी मारली.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली.

माण तालुक्यातल्या त्या शाळेत मी प्रयोगशाळा सहायक होते. मुलांना बीकर मोजून द्यायचे, परत आले की मोजून घ्यायचे, फुटलेल्याची नोंद करायची. बीएस्सी झाले होते, पण शिकवायची नोकरी मिळाली नाही, ही मिळाली. कुंदा तोडकर हे माझं नाव शाळेत फार जणांना ठाऊक नव्हतं. मुलं मला लॅबच्या मॅडम म्हणायची. सर्किट जोडायचा नाद मात्र मला लहानपणापासून. म्हणून पिसे सरांनी एकदा सहज म्हटलं, "मोठ्या मैदानांवर वेळ मोजायला प्रकाशाचं यंत्र असतं, आपण आयुष्यभर अंगठ्यानं मोजायचं," तेव्हा मी ते मनावर घेतलं.

यंत्र साधं होतं. रेषेच्या एका बाजूला काठी, तिच्यावर टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तसला छोटा दिवा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडणारा. समोरच्या काठीवर तो प्रकाश ओळखणारा डोळा, टीव्हीच्या आत असतो तसलाच. त्याला ऊन लागू नये म्हणून मी प्लंबरच्या पाइपाचा तुकडा आतून काळा रंगवून त्यात बसवला होता. दिवा सेकंदाला अडतीस हजार वेळा लुकलुकायचा, कारण डोळा तेवढ्याच गतीचा प्रकाश आपला मानतो, बाकीचा सोडून देतो. मध्ये माणूस आला की झोत तुटायचा, डोळा इशारा द्यायचा, बीप वाजायची, घड्याळ थांबायचं.

ते त्या मंगळवारी मैदानावर पहिल्यांदाच लावलं होतं, आणि त्याला कारण होतं. साताऱ्याला एका क्रीडामंडळाची निमंत्रित स्पर्धा होती. शंभर मीटरमध्ये पहिल्या चौघींना वर्षभर वसतिगृहात ठेवून प्रशिक्षण देणार होते. एका शाळेतून एकच मुलगी. नाव शनिवारपर्यंत द्यायचं होतं.

"रेहाना, बाळ, समजून घे," सर त्याच संध्याकाळी म्हणाले. "आकडा आकडा असतो."

"व्हय सर," रेहाना म्हणाली. "तिनंच जायला पायजे."

त्या दिवसापासून मला चैन पडेना.

बुधवारी मी पहिल्या तासाआधीच लॅब उघडली. दोन टेबलं समोरासमोर लावून त्यांवर दोन्ही काठ्या बांधल्या आणि माझा ऑसिलोस्कोप जोडला. हा स्कोप म्हणजे तळहाताएवढा पडदा आणि मागं उघडं सर्किट, ऑनलाइन मागवलेले सुटे भाग मी स्वतः सोल्डरचे डाग देऊन बसवलेले. कॉलेजातल्या मोठ्या यंत्रापुढं ते खेळणंच. पण वीजदाब क्षणाक्षणाला कसा वरखाली होतो त्याची रेघ ते दाखवायचं, आणि मला तेवढंच हवं होतं. आधी दिव्याची बाजू बघितली. करवतीच्या दातांसारखी रेघ उमटली, एकसारखी, अडतीस हजारांची. मग डोळ्याची बाजू. तिथं सपाट रेघ, म्हणजे झोत पोचतोय. मध्ये हात घातला की रेघ उडी मारून वर, काढला की खाली. पन्नास वेळा हात घातला. पन्नास वेळा बरोबर.

तरी बीप आधी वाजली होती.

बॅटरी बदलून पाहिली. तारा हलवून पाहिल्या. पडदे लावून, पडदे उघडून, ट्यूबलाइट चालू करून, बंद करून. दर वेळी मी दोन-तीन मिनिटं रेघेकडं टक लावायची, काही होत नाही म्हणून बंद करायची आणि दुसरं काहीतरी बदलायची. दुपारचा डबा तसाच राहिला. गुरुवारीही तेच. बारावीच्या मुलांचं प्रात्यक्षिक चालू असताना मी दोनदा चुकीची बाटली दिली.

त्यात बुधवारी प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांनी मला पुढं बोलावलं. "आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं यंत्र," असं म्हणून त्यांनी माझं नाव घेतलं, पूर्ण नाव. नऊशे मुलांनी टाळ्या वाजवल्या. अकरा वर्षांत त्या ओट्यावर मी पहिल्यांदा चढले होते. खाली उतरताना जनाई दिसली. ती सगळ्यांत जास्त जोरात टाळ्या वाजवत होती.

शुक्रवारी दुपारी शिपाई सांगत आला की कपाटाच्या किल्लीसाठी ऑफिसात बोलावलंय. मी काठ्या तशाच चालू ठेवल्या. स्कोपचं फक्त एवढं केलं की रेघेनं एकदा उडी मारली की तिथंच गोठायचं, चित्र धरून ठेवायचं. ऑफिसात क्लार्क फोनवर होते. दहा-बारा मिनिटं गेली असतील.

परत आले तर पडद्यावर उडी होती.

लॅबला बाहेरून कडी मीच लावली होती. आत कुणी नव्हतं, खिडक्या बंद होत्या. झोताच्या मध्ये कुणीही, काहीही आलेलं नव्हतं आणि डोळ्यानं तरीही 'आलं' म्हणून सांगितलं होतं. बारीक, सुईसारखी उभी उडी. घड्याळ थांबायला तेवढी पुरे.

मी परत चालू केलं आणि घड्याळ लावून बसले. साडेसहा मिनिटांनी पुन्हा. मग सात मिनिटांनी. मग कळलं. असला डोळा रिमोटसाठी बनवलेला असतो. रिमोटचं बटन दाबलं की प्रकाशाचे लहान तुकडे येतात आणि थांबतात. मी त्याच्यावर न थांबता झोत सोडला होता. सतत येतंय म्हटल्यावर तो त्याला बाहेरचा गोंगाट समजायला लागतो, हळूहळू आपली नजर मंद करतो, आणि मध्येच एखाद्या क्षणी त्याला समोरचा प्रकाश दिसेनासा होतो. यंत्र चालू केल्यावर पहिल्या मिनिटाला रेहाना पळाली होती. मग मैदानात दोन कुत्री शिरली, ती हाकलेपर्यंत वेळ गेला. जनाई पळाली तेव्हा सात मिनिटं होत आली होती.

रेहानाचा आकडा खरा होता. जनाईचा नव्हता.

मी तशीच मैदानावर गेले. पिसे सर लिंबाच्या झाडाखाली फोनवर बोलत होते. मला बघून त्यांनी हात केला आणि फोन मोठ्या आवाजावर टाकला. "घ्या, बोला मॅडमशी. जनाईचे वडील आहेत."

जनाईचे वडील दिवाळीनंतर मेंढरं घेऊन भोरकडं गेले होते. वाऱ्याचा आवाज येत होता, मागं मेंढरांचा.

"मॅडम, नमस्कार करतो," ते म्हणाले. "सरांनी समदं सांगितलं. तुम्ही मिशन बनवलं म्हनं. आमच्या पोरीची किंमत आमाला ठावं नव्हती, तुमच्या मिशननं दावली. हितं तळावर समद्यांना सांगितलं मी."

"हो," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर सर हसत होते. मी म्हटलं, "सर, जनाईची एकदा परत वेळ घ्यावी म्हणते मी."

"का?"

"एकाच वेळेवरून ठरवायचं म्हणजे..."

"नाव सकाळीच पाठवलं की. बदल करायला उद्यापर्यंत मुभा आहे, पण कशाला? आणि तुमच्या एकटीच्या यंत्रावर ठरवलंय का? माझ्या घड्याळातबी बारा पन्नास होते."

"तुम्ही घड्याळ कधी थांबवलंत?"

"ती रेषेवर आली तेव्हा."

"म्हणजे बीप वाजली तेव्हा?"

"तेच की," सर म्हणाले.

आता बोलायचं होतं. वाक्य तोंडात तयार होतं: यंत्र चुकलं, सर. तीन शब्द. समोर व्हॉलीबॉलच्या पोरांचा गलका चालला होता. एका शिक्षिकेनं जाता जाता मला हात केला, "काय शास्त्रज्ञ," म्हणाली. मी हसले. सरांना म्हणाले, "बरं, बघू," आणि लॅबकडं परत आले.

शनिवारी मी शाळेत गेले नाही. अंगात कणकण आहे असं कळवलं. कणकण नव्हती. दिवसभर मी घरात बसून ते सर्किट दुरुस्त केलं. झोत तुकड्यातुकड्यांनी सोडायचा, मध्ये थांबायचं, डोळ्याला पुन्हा ताजं होऊ द्यायचं. संध्याकाळी पाचला दुरुस्त झालं. स्कोप लावून मी दीड तास रेघेकडं बघत बसले. एकही खोटी उडी नाही. काम उत्तम झालं होतं आणि नाव बदलायची मुदत संपली होती.

मनाची समजूत घालायला माझ्याकडं खूप काही होतं. जनाई अजून वेगवान होईल. तीन आठवडे आहेत. खऱ्या मैदानावर, काटेरी बुटांत मुली जास्त जोरात पळतात. कुणी सांगावं, बारा पन्नास निघेलसुद्धा.

सोमवारपासून दुरुस्त यंत्र मैदानावर लागलं. जनाईचा पहिला आकडा आला तेरा शून्य पाच.

"दमलीस का?" सरांनी विचारलं.

"न्हाई सर."

दुसऱ्या दिवशी तेरा शून्य एक. मग तेरा शून्य चार. सर आधी चुचकारायचे, मग रागवायला लागले. "एकदा आकडा आला म्हणून हवेत गेलीस का? कुठं गेली ती मंगळवारची जनाई?" ती मान खाली घालून ऐकायची आणि परत सुरुवातीच्या रेषेकडं चालत जायची. जेवढं सांगितलं त्याच्यापेक्षा दोन फेऱ्या जास्त मारायला लागली. सकाळी शाळेआधी एकटीच येऊन पळायची. तिच्या चुलतीनं सरांना निरोप धाडला की पोरगी नीट जेवत नाही. रेहाना रोज तिच्याबरोबर असायची, पाणी द्यायची, बटन दाबायची. पण ती फारसं बोलत नव्हती, आणि बटन दाबताना अशी काही ताठ व्हायची की जणू पळायचं तिलाच आहे. मला ते दिसत होतं. आपण काय बघतोय ते कळत नव्हतं.

रोज सकाळी आज सांगायचं असं ठरवून मी निघायची. रोज संध्याकाळी काठ्या उचलून घरी यायची.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी साताऱ्याला गेलो. मुलींबरोबर बाई हवी म्हणून मी, आणि जनाई एकटी नको म्हणून रेहाना. तांबड्या रबरी पट्ट्यांचं मैदान दोघींनी पहिल्यांदा पाहिलं. जनाईनं खाली बसून त्याला हात लावला. रेहाना म्हणाली, "गुडघा फुटणार न्हाई हितं पडलं तरी." दोघी हसल्या. बऱ्याच दिवसांनी.

शर्यत साडेअकराला झाली. आठ मुली. मी पायऱ्यांवर रेहानाशेजारी बसले होते. सर खाली कुंपणाला टेकून. सुरुवात झाली आणि जनाई चांगली उठली. पन्नास मीटरपर्यंत ती चौथी होती. तिला इतकं सुंदर पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. खांदे सैल, हनुवटी खाली, पाय जमिनीला नुसते शिवत होते. मग बाकीच्या पुढं सरकल्या. त्या जिल्ह्याजिल्ह्यांतून निवडून आलेल्या होत्या. जनाई सातवी आली.

मंडळाच्या माणसानं फलकावर कागद लावला. रेहाना वही घेऊन खाली गेली, आकडे उतरवून आली. पहिली बारा वीस. चौथी बारा एक्क्याऐंशी. सातवी, बनगर, बारा सत्त्याऐंशी.

सर जनाईला काहीतरी बोलले आणि दुसरीकडं निघून गेले. ती पायऱ्या चढून आमच्याकडं आली, एका पायरीवर बसली आणि बूट काढायला लागली. गाठ सुटेना. रेहाना खाली बसून तिची गाठ सोडवायला लागली.

"मॅडम," जनाई म्हणाली, "सरांना वाटतंय मी मुद्दाम हळू पळाले."

"असं कोण म्हणतं?"

"म्हनत न्हाईत. पन वाटतंय त्यांना." ती रडत नव्हती. तळपायाकडं बघत बोलत होती. "मला वाटलं मी लई जोरात पळतीया. आजपतोर कधीच पळाले न्हाई तशी. वाटलं, बारा एकेचाळीसच्याबी खाली येणार आज. आन आलं सत्त्याऐंशी. मग मॅडम, आपण जोरात पळतोय का हळू, हे अंगाला कळतच न्हाई का वो?"

तीन आठवडे मी एकच हिशोब करत होते की मी रेहानाची जागा घालवली. जनाईचं मी काय केलं होतं ते तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. त्या दिवशी ती आयुष्यातली सगळ्यात चांगली शर्यत पळून आली होती. आणि अर्ध्या सेकंदानं मागं पडले म्हणून, अंगानं फसवलं म्हणून मान खाली घालून बसली होती.

"कळतं," मी म्हणाले. "तुझ्या अंगाला बरोबर कळलं, जनाई. आज तू सगळ्यात जोरात पळालीस. बारा सत्त्याऐंशी हीच तुझी आजवरची सगळ्यात चांगली वेळ आहे. ती एकेचाळीस खोटी होती. तू रेषेवर यायच्या आधी माझं यंत्र वाजलं."

तिनं मान वर केली.

"तुम्हाला कवा कळलं?"

"त्याच शुक्रवारी. नाव बदलता येत होतं तेव्हा."

रेहानाचे हात बुटाच्या गाठीवर थांबले. मग मी सगळं सांगितलं. डोळा, सात मिनिटं, सुईसारखी उडी, शनिवारची कणकण. काहीच ठेवलं नाही. खाली मैदानात मुलांची शर्यत लागत होती, शिट्टी वाजली, लोक ओरडले, संपली.

रेहाना पहिली बोलली. "म्हणजे बटन मी येळेवर दाबलं व्हतं?"

"कुठलं बटन?"

"सुरुवातीचं. जनाई निघाली त्या दिवशी." तिचा आवाज बारीक झाला होता. "मला वाटलं माझाच हात उशिरा पडला. मी झेंडा आधी टाकला आन बटन मागनं दाबलं, म्हणून तिचा आकडा एवढा कमी आला. मला पक्कं वाटलं व्हतं तसं. पन बोलले असते तर सगळे म्हणले असते, हिला स्वतःला जायाचंय म्हणून बोलतीया. जनाईलाबी तसंच वाटलं असतं." तिनं गाठ ओढून सोडवली. "तीन आठवडे मला नीट जेवण गेलं न्हाई मॅडम."

जनाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. रेहानानं तो काढला नाही, पण ती तिच्याकडं वळलीही नाही. तिनं वही उघडली, उतरवलेले आकडे पाहिले. ती काय बघतेय ते मला कळत होतं, निवड पहिल्या चौघींची होती. चौथी बारा एक्क्याऐंशी. तिची स्वतःची वेळ, मातीच्या मैदानावर, अनवाणी, बारा सत्त्याहत्तर.

"माझी तरी खरी व्हती ना?" तिनं विचारलं.

"तुझी खरी होती."

तिनं वही मिटली आणि जनाईचा दुसरा बूट सोडवायला घेतला.

सरांना मी स्टँडवर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "त्या दिवशी लिंबाखाली तुम्ही हेच सांगायला आला होता?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. परतीच्या तीन तासांत ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. मात्र गाडीत ते उठून जनाईच्या सीटजवळ गेले, दांडीला धरून उभ्या उभ्या तिच्याशी बराच वेळ बोलले. काय ते ऐकू आलं नाही. जनाई मान हलवत होती आणि एकदा तिनं डोळे पुसले.

सोमवारी मी मुख्याध्यापकांना सांगितलं आणि क्रीडामंडळाला पत्र लिहिलं. रेहानाच्या वेळा त्यात दिल्या, चूक माझी असं स्पष्ट लिहिलं. उत्तर सभ्य होतं. स्पर्धेच्या मैदानावरच्याच वेळा धरतो, असं त्यांनी कळवलं. मुख्याध्यापक म्हणाले, "प्रार्थनेत काही सांगायची गरज नाही." मी म्हटलं, गरज आहे, टाळ्या तिथंच वाजल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ओट्यावर चढून मीच सांगितलं. खाली मुलांना फारसं कळलं नाही, दोघींना कळलं.

जनाईच्या वडिलांनाही फोन केला. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "पोरगी पळाली ती खरं पळाली ना? मग झालं." पुढं तळावर सगळ्यांना त्यांनी काय सांगितलं, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

जनाई मैदानावर येत राहिली. पुढच्या वर्षी सरांनी तिला चारशे मीटरला घातलं आणि तिथं ती जिल्ह्यात दुसरी आली. रेहाना यायची थांबली. मी तिच्या घरी गेले. तिच्या आईची पिठाची गिरणी होती. रेहाना पट्ट्याजवळ उभी राहून डबे ओतत होती, पापण्यांपर्यंत पांढरी झालेली. आईनं चहा केला. गिरणी बंद झाल्यावर रेहाना म्हणाली, "राग न्हाई मॅडम. खरंच न्हाई. पन मैदानात गेलं की नुसती ती पेटी दिसती."

मी पुन्हा बोलवायला गेले नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी आम्ही काठ्या लावत होतो तेव्हा ती फाटकातून आत आली. शाळेचा गणवेश, ओढणी कमरेला बांधलेली. चपला बाजूला काढल्या.

"तुमचं ते बारकं टीव्ही लावा," ती मला म्हणाली. "रेघ दिसते ते."

मी स्कोप जोडला. ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि पडद्याकडं बघत राहिली. झोताच्या तुकड्यांबरोबर रेघ खालीवर होत होती, खालीवर, एकसारखी. दहा मिनिटं झाली, मग पंधरा. सर बाजूला उभे होते. शेवटी ती उठली.

"आता माझी येळ घ्या. पन आकडा मला सांगायचा न्हाई."

"मग घ्यायची कशाला?" सरांनी विचारलं.

"तुमच्यापाशी राहू दे," ती सरांना म्हणाली, पण बघत माझ्याकडं होती.

जनाईनं झेंडा टाकला, बटन दाबलं. रेहाना आली ती वाऱ्यासारखी नाही, दात आवळून, जमिनीला रागानं लाथा मारल्यासारखी आली. या वेळी मी पेटीकडं बघत नव्हते. ती रेषेवर आली आणि त्याच क्षणी आवाज झाला. ती थांबली नाही. तशीच पुढं गेली, वळसा घालून परत आली, चपला पायांत घातल्या, जनाईला लांबूनच हात केला आणि फाटकाबाहेर पडली. पहिल्या तासाची घंटा व्हायची होती.

सरांनी पेटीवरचा आकडा वाचला. खिशातून पेन काढलं, मग परत ठेवलं.

"काय करायचं याचं?" ते म्हणाले.

"तिनं सांगितलंय तसं."

आकडा एकदा पाहून मी पेटी बंद केली. बंद केली की आकडा पुसला जातो.

रेहाना आता कराडला एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये काम करते. गेल्या महिन्यात जनाईच्या लग्नात भेटली, मुलीला कडेवर घेऊन. तासभर आम्ही शेजारी बसलो होतो. लॅबमधल्या यंत्रांबद्दल बोललो, तिच्या आईच्या गुडघ्यांबद्दल बोललो, पिसे सर निवृत्त झाले त्याबद्दल. ती आता विचारेल, मग विचारेल, असं मला सारखं वाटत होतं. जेवणाची पंगत उठली, तिच्या गाडीची वेळ झाली, ती उठली आणि मुलीला म्हणाली, "मॅडमना टाटा कर."

तिनं विचारलं नाही. आकडा मला पाठ आहे.